उरलं ते लागत नव्हतं

जीप चौथ्यांदा दोराला बांधून आली, तेव्हा मिस्त्री बाकावर बसून बूट काढत होता. एक निघाला होता, दुसऱ्याची गाठ सुटत नव्हती. फाटकातून आधी ट्रॅक्टर आत आला, मग ताणलेला दोर, आणि दोरामागून ती पांढरी जीप, तोंडावर काळाकुट्ट लोखंडी बंपर मिरवत. स्टिअरिंगवर गुरांची डॉक्टरीण बसली होती. तिचा चेहरा बघून मिस्त्रीने काढलेला बूट परत पायात चढवला.

"तिसऱ्या वळणावर," डॉक्टरीण खाली उतरत म्हणाली. "मागच्या वेळी चौथ्या वळणापर्यंत तरी गेली होती. तुम्ही दुरुस्त केलीत की ती एक वळण अलीकडेच बसते, मिस्त्री."

मिस्त्री जीपच्या तोंडाशी गेला. त्याने बॉनेट उघडलं. वाफ निघून गेली होती, कूलंटचा गोडसर वास तेवढा मागे राहिला होता. हा वास त्याला आता जेवतानाही यायचा.

पहिल्या वेळी त्याने थर्मोस्टॅट बदलला होता. दुसऱ्या वेळी पाण्याचा पंप. तिसऱ्या वेळी रेडिएटर उतरवून, आतून धुऊन, हेड उघडून गॅस्केट नवं टाकलं होतं. दर वेळी जीप अंगणात उभी करून, घड्याळ लावून, तासभर चालू ठेवली होती. पंखा फिरतोय, तापमानाचा काटा मध्यावर, तक्रारीला जागा नाही. अंगणात जीप शहाण्यासारखी वागायची आणि घाट लागला की तिच्या अंगात यायचं. चाळीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला एका जीपने असं नाचवावं, याची त्याला लाज वाटत होती. आणि लाजेपेक्षा जास्त कंटाळा आला होता.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुमचं," डॉक्टरीण म्हणाली. "रेड्यांचं माझ्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून सांगते. आज बर्फाच्या पेटीतली सगळी लस फेकून द्यावी लागली. दोन तास उन्हात बसले होते मी रस्त्यावर. सोमवारी वरच्या वस्तीवर तीनशे मेंढ्यांना टोचायचंय, साथ दारात आलीय. सोमवारी जीप घाट चढली तर ठीक. नाही चढली तर हा बंपर उतरवून इथेच ठेवून जाईन, गाडी दुसरीकडे नेईन, आणि कोणी विचारलं तर का नेली तेही सांगेन. हा बंपर बसवायच्या आधी ती कधी तापली नव्हती, मिस्त्री. एकदाही नाही."

शेवटचं वाक्य तिने जरा मोठ्याने म्हटलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या शेडच्या दारात मिस्त्रीचा जावई उभा होता, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं दाखवत आत गेला.

आता हे जावयाचं प्रकरण नीट सांगायला हवं. लग्न झाल्यावर जावई समुद्रात गेला. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर वेल्डर, चार महिने तिकडे, एक महिना घरी. एक महिना म्हणजे किती, तर लेकीने त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर कधी त्याच्या मापाचा झालाच नाही, कारण माप घ्यायला माणूस समोर लागतो. अशी सहा वर्षं गेली. यंदा लेकीने सांगितलं, की आता गेलात तर येताना कोणाकडे यायचं ते ठरवून या. जावई नोकरी सोडून आला. मिस्त्रीच्या अंगणात शेड टाकून त्याने डोंगरात फिरणाऱ्या गाड्यांचे लोखंडी बंपर बनवायला घेतले. दरडीचे दगड लागून डॉक्टरिणीच्या जीपचं नाक दोनदा फुटलं होतं, म्हणून पहिला बंपर तिचा. त्यावर दोन मोठे दिवे, मध्ये दोर ओढणारी विंच. काम असं देखणं, की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. सहा जण विचारून गेले होते. पण सहाही जण जीप घाट कशी चढते ते बघत होते.

म्हणजे बंपर चुकला तर शेड चुकली, शेड चुकली तर जावई परत समुद्रात. मिस्त्रीला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. एवढं लोखंड रेडिएटरच्या तोंडाशी आणून ठेवल्यावर वारा आत जाणार कुठून, हे कळायला चाळीस वर्षं लागत नाहीत. पण जावयाला सांगायचं कसं? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि हा ग्रह तर बिचारा तोंड वर करूनही बोलत नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून मिस्त्री पाच आठवडे थर्मोस्टॅट आणि पंप बदलत बसला. बंपर सोडून सगळ्या गाडीवर त्याने संशय घेऊन पाहिला.

संध्याकाळी जेवताना जावई नव्हता. शेडमध्ये काम आहे म्हणाला. लेकीने बापाचं ताट वाढलं आणि समोर बसली.

"बाबा, कंपनीचा परत फोन आला होता. रविवारपर्यंत कळवायचंय."

"काय म्हणाले जावईबापू?"

"काही नाही म्हणाले. माळ्यावरून बॅग काढलीय." तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "खरं सांगा, त्यांच्या बंपरची चूक आहे का?"

मिस्त्रीने घास बराच वेळ चावला. "अजून सापडलं नाही मला," तो म्हणाला.

"तुम्हाला सापडलं नाही असं कधी झालंय?"

"आता झालंय. म्हातारा झालो."

लेक उठून गेली. तिला खोटं कळतं, ते आईवर गेलंय. मिस्त्री ताटावर तसाच बसून राहिला. त्याने ठरवलं, की उद्या सकाळी जावयाला सांगून टाकायचं, बंपर उतरवा म्हणून. दुखेल, पण रोज थोडं थोडं दुखण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

शनिवारी सकाळी तो मागच्या नळावर तोंड धुवायला गेला. हा नळ कधीपासून गळत होता. दुनियेची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ गळणारच, त्यात नवल नाही. पूर्वी ते पाणी भिंतीवर उडायचं आणि भिंतीला ओल यायची. आता उडत नव्हतं. लेकीने नळाखाली एक काळी प्लॅस्टिकची पट्टी तिरकी अडकवली होती, वीतभर रुंद, कडा वळवलेली. थेंब पट्टीवर पडत होते, कडेच्या आतून सरळ घसरत होते आणि पुढच्या कुंडीत जात होते. एक थेंब इकडेतिकडे जात नव्हता.

मिस्त्री तोंडाला साबण लावून बघत राहिला. साबण डोळ्यात गेला तरी बघत राहिला. मग त्याने पट्टी ओढून काढली आणि उलटी केली. मागे कंपनीचा छाप होता, आणि तीन खाचा. रेडिएटरच्या उजव्या बाजूला उभी बसते त्या पट्टीच्या खाचा.

त्याला तो दिवस आठवला. मूळचा बंपर त्याने स्वतः उतरवला होता, जावयाचा नवा बसवायला जागा करून देत. सगळे नटबोल्ट आवळून झाल्यावर फडक्यावर तीन तुकडे उरले होते: दोन काळ्या पट्ट्या आणि खाली लोंबणारी एक रबरी झालर. नवा बंपर धरणाऱ्या लोखंडी कंसांमध्ये ते बसत नव्हते. जावयाने विचारलं होतं, "मामा, हे कुठे जातात?" आणि मिस्त्री कपाळाचा घाम पुसत हसून म्हणाला होता, "कंपनीवाल्यांना नुसती गाडी भरायची असते, जावईबापू. उरलं ते लागत नव्हतं."

ही त्याची जुनी म्हण. गॅरेजमध्ये कोणीही शिकायला आलं, की पहिल्या आठवड्यात हे वाक्य शिकायचं. आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती खरीही होती. त्या गाड्यांचं तोंड उघडं असायचं, वारा मिळेल तिथून आत यायचा. या नव्या जीपचं तसं नाही. तिचा रेडिएटर लहान, सगळं मापात. पट्ट्या काढल्यावर समोरून येणारा वारा रेडिएटरमधून जाण्याचे कष्ट कशाला घेईल? बाजूला मोकळी फट आहे, तिथून निघून जाईल. खालची झालर नाही, तर खालून पळेल. अंगणात उभ्या गाडीला पंखा पुरतो. घाटात वजन घेऊन चढताना पंखा पुरत नाही, तिथे वारा लागतो, आणि वाऱ्याला वाटच दाखवलेली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच आठवडे तो रोज या नळावर हात धुवत होता. त्याने पट्टी परत नळाखाली अडकवली, मग काढली, मग तसाच पायरीवर बसला. त्याला रडू आलं नाही. रडायलाही थोडा जोर लागतो.

मनात आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मनात आलं, की आज जावई बाजारात गेला की गुपचूप पट्ट्या बसवून टाकाव्यात. जीप चढेल, डॉक्टरीण खूश, कोणाला काय कळणार? फार तर म्हणायचं, बंपरमध्ये थोडा बदल केला. म्हणजे चूक बंपरची आणि दुरुस्ती मिस्त्रीची. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण फाशी अगदी हळू, कोणाला दुखणार नाही अशी. हा विचार पुरा करायच्या आत तो उठला, कारण शेडमधून गॅस कटर पेटल्याचा आवाज आला.

जावयाने जीप शेडसमोर घेतली होती. बंपरवर खडूने मोठमोठे चौकोन आखले होते, आणि ज्योत निळी करून तो पहिला चौकोन कापायच्या बेतात होता. त्या देखण्या कामाचे तुकडे होणार होते.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "जावईबापू, विझवा ते."

जावयाने ज्योत बंद केली, चष्मा वर केला. त्याचे डोळे लाल होते. वेल्डरचे असतातच, पण हे जास्त होते.

मिस्त्रीने हातातली पट्टी पुढे केली.  जावयाने पट्टीकडे बघितलं आणि मान खाली घातली. आश्चर्य वाटल्याचं काही चिन्ह नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मिस्त्री म्हणाला.

"तीन आठवडे झाले, मामा."

जावयाने खिशातून मोबाईल काढला आणि एक चित्रफीत लावली. मिस्त्री दुपारी झोपायचा तेव्हा तो जीप घेऊन मोठ्या रस्त्याला गेला होता. लेकीच्या टोपलीतून लाल लोकर नेऊन तिचे बोटभर तुकडे त्याने जाळीमागे ओळीने चिकटवले होते आणि बंपरला आतून मोबाईल बांधला होता. पडद्यावर ते धागे दिसत होते. जीपने वेग घेतला तसे ते सगळे फडफडले आणि आडवे झाले. पण रेडिएटरकडे नाही. कडेचे सगळे बाजूच्या फटीकडे ताणले गेले, खालचे खाली वाकले. मधले दोन-तीन तेवढे इमानदार निघाले. गेल्या आठवड्यात मिस्त्रीला पंख्याजवळ लोकरीचा तुकडा सापडला होता. त्याला वाटलं होतं, एखाद्या पाखराने आणला असेल.

"मग बोलला का नाहीत?" मिस्त्रीचा आवाज चढला. "तीन आठवडे! मी वेड्यासारखा पंप बदलतोय! हेड खोललं मी, गुडघे फोडून घेतले!"

"तुम्ही म्हणाला होतात, लागत नाही." जावई अगदी हळू बोलत होता. "तुमच्या अंगणात उभं राहून, तुमचं चाळीस वर्षांचं वाक्य खोटं कसं ठरवू? मला वाटलं, तुम्हाला आपणहून दिसेल. रोज त्या नळावर जाता."

"आणि मला वाटत होतं तुमच्या बंपरचं चुकलं. म्हणून मी गप्प."

"माहीत आहे. ही सांगते ना तुम्ही जेवत नाही म्हणून."

 मिस्त्रीला हसावं की त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात ते कळेना. जावयाला थोबाडीत देता येत नाही, म्हणून तो जीपच्या टपावर हात टेकून उभा राहिला.

"मी दिवे जाळीच्या पुढे लावले, ते माझं चुकलंय," जावई म्हणाला. "ते वर घ्यायला हवेत. पट्ट्या आपण कंसांप्रमाणे कापून बसवू. पण सोमवारी बाईंना मी सांगतो, की बंपरची आखणी चुकली होती, आता सुधारली. तुमचं नाव राहू द्या, मामा. ते उभं करायला तुम्हाला आयुष्य लागलंय. माझं काय, माझं अजून सुरूही झालेलं नाही. मला समुद्र आहे."

मिस्त्री नाही म्हणाला नाही. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तो स्वतःच हे सगळ्यांना सांगायचा. तो म्हणाला, "बघू." थकलेल्या माणसाला कोणी उचलून घ्यायला आलं, की पाय आपोआप सैल सुटतात.

दोघे कामाला लागले. डावी पट्टी लेकीच्या खिडकीत कुंड्यांखाली सापडली. रबरी झालर शोधताना मात्र सगळं अंगण पालथं घातलं. शेवटी सापडली ती घडी घालून मिस्त्रीच्या बाकाच्या आखूड पायाखाली, बाक डुगडुगू नये म्हणून. तिथे ती ठेवली होती मिस्त्रीनेच. जावयाने तिन्ही तुकडे बसवले, उरलेल्या फटी पत्र्याच्या पट्ट्या कापून बुजवल्या, कडांना रबर लावलं, दिवे वर नेले. लेक चहा घेऊन आली, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न विचारता टोपलीतून लोकरीचा नवा गुंडा आणून जावयाच्या हातात ठेवला. रविवारी दुपारी दोघे घाटात गेले. मागे वाळूची सहा पोती टाकली होती. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. काटा मध्यावरून जरासा वर सरकला आणि तिथेच राहिला. वरच्या टोकाला पोचल्यावर चित्रफीत पाहिली. धागे झाडून सगळे रेडिएटरकडे तोंड करून ताठ.

जावई म्हणाला, "चढली." मिस्त्री म्हणाला, "हं."  संध्याकाळी जावई कंपनीला फोन करायला बाहेर गेला आणि काही न ठरवताच परत आला. उद्या दुपारपर्यंत वेळ मागून घेतलाय, एवढंच त्याने लेकीला सांगितलं. बॅग पलंगाखाली होती.

सोमवारी सकाळी डॉक्टरीण बर्फाची पेटी घेऊन आली. तिच्याबरोबर तो ट्रॅक्टरवालाही आला होता. सहा जणांपैकी तो एक. जीप पुन्हा ओढायची वेळ आली तर बरा, म्हणून की बंपरचं काय ते कळावं म्हणून, कोण जाणे.

"सापडलं?" डॉक्टरिणीने विचारलं. "काय होतं?"

जावई पुढे झाला. "बाई, बंपरची आखणी करताना माझं..."

मिस्त्री बाकावर बसला होता. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं त्याला पाच आठवडे छान जमलं होतं. त्याने दारात उभ्या लेकीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. नवऱ्याला सोडायला जायची तेव्हा धक्क्यावरचा कठडा ती असाच धरायची.

"खोटं बोलतोय तो," मिस्त्री म्हणाला आणि उठला. "बाई, बंपर चांगला आहे. वारा आत नेणारे तीन तुकडे मी काढून टाकले होते. मी. त्याने विचारलं होतं कुठे जातात, आणि मी म्हणालो लागत नाहीत. पाच आठवडे तुमची जीप माझ्यामुळे तापली. फेकलेली लसही माझ्याच खात्यात. दोष याने शोधला, दुरुस्तीही याने केली. मी नुसता पाने देत होतो."

ट्रॅक्टरवाल्याने कान टवकारले. म्हणजे संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चारी दिशांना जाणार, हे मिस्त्रीला दिसलं. डॉक्टरीण त्याच्याकडे बघत राहिली. रागावलेली होती, आणि ते तिने लपवलं नाही.

"चाळीस वर्षं, मिस्त्री," ती म्हणाली.

"हो," मिस्त्री म्हणाला. "चाळीस."

 तिने पेटी मागे ठेवली, जीप सुरू केली आणि गेली. जावई शेडमध्ये गेला. लेक घरात गेली, आणि थोड्या वेळाने माळ्यावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. मिस्त्री अंगणात एकटाच उरला आणि दिवसभर हातातलं काम इकडून तिकडे करत राहिला.

जीप उन्हं कलताना परत आली, आपल्या पायांनी. डॉक्टरीण खिडकीतून वाकली. तिच्या केसांत गवत होतं, पेटी रिकामी होती.

"मिस्त्री!" तिने हाक मारली.

"ओ," म्हणत मिस्त्री गुडघ्यावर हात देऊन उठू लागला.

"तुम्ही बसा," डॉक्टरीण म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "त्यांना बोलवतेय. पाठीमागच्या बंपरचं विचारायचंय."

शेडमधून जावई बाहेर आला. आपल्यालाच हाक मारली हे त्याला अजून कळलं नव्हतं. तो सासऱ्याकडे बघत होता. मिस्त्रीने त्याला हाताने खूण केली, जा, तुम्हाला बोलवतायत.

मग तो खाली बसला. त्याच्या मनाला लागलं. चाळीस वर्षांत त्या हाकेला दुसऱ्या कोणी ओ दिली नव्हती. झालर काढून घेतल्यामुळे बाक पुन्हा डुगडुगत होता. त्याने एक पाय टेकून तोल धरला आणि बुटाची गाठ सोडायला घेतली. आज ती पहिल्याच ओढीला सुटली. त्याने दोन्ही बूट काढले, बाकाखाली सारले, आणि जीपपाशी जावई काय बोलतोय ते ऐकायला म्हणून डोळे मिटले. लेक जेवायला बोलवायला आली तेव्हा तो बसल्या जागी झोपला होता.